पीडीएफ टाकली म्हणजे शिकवलं?

पुरे झालं आता! रात्री साडेअकराला कॉलेजच्या ग्रुपवर आडवी स्कॅन केलेली पीडीएफ येते, कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, खाली मेसेज: 'युनिट तीन पूर्ण.' कसं पूर्ण? शिकवलं कुणी?

'ब्लेंडेड' म्हणजे थोडं ऑनलाइन, थोडं वर्गात अशा शिकवण्यावरच्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या मसुद्यात विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन, उरलेला वर्गात, असं सरळ लिहिलंय. धडा घरी बघायचा, शंका वर्गात सोडवायच्या, एवढंच तर आहे ते! इथं काय चालतं? गगनबावड्याची पोरगी पहाटेची एसटी धरून कोल्हापुरात येते, भिजत कॉलेज गाठते, आणि सर प्रोजेक्टरवर लावतात काय? रात्री पाठवलेलाच व्हिडिओ! मग बोलावलं कशाला तिला?

आणि धो धो पावसात घाटाकडची रेंज गेली की नेमकं त्याच दिवशी लाइव्ह लेक्चर. हजेरी गूगल फॉर्मवर, पाच मिनिटांत फॉर्म बंद. रेंज नाही? गैरहजर! रेकॉर्डिंग मागितलं तर वर बोलणी. अहो, नुसता ऑडिओ टाकायला काय जातंय? एसटीत बसून ऐकतील की पोरं! वर्गात आलेल्यांना तरी बोलू द्या, फळ्यावर गणित सोडवू द्या. फी तर पुरी घेताय ना?