पॅकेजातला डॉल्फिन

बालीच्या उत्तर किनाऱ्यावर लोविना आहे. काळी ज्वालामुखी वाळू, विहिरीसारखा निवांत समुद्र आणि पहाटे होडीतून डॉल्फिन. तिथल्या डॉल्फिनची ख्याती अशी की किनाऱ्यावर त्यांचा पुतळासुद्धा आहे. मी नीट पाहिला तो पुतळाच.

कारण होडी. दोन्ही बाजूंना तोल सांभाळणाऱ्या बांबूच्या उलांड्या, मध्ये इतकी चिंचोळी की माणसं एकामागे एक बसतात. माझ्या पुढ्यात ठाण्याचे एक काका आले. होडी सुटताच म्हणाले, "डॉल्फिन काय, आमच्या तारकर्लीला ढिगाने दिसतात."

"मग इथे कशाला आलात?"

"पॅकेजात होतं."

उजाडता उजाडता कुठेतरी पाण्यात एक पाठ चमकली. झालं! सगळ्या होड्यांची इंजिनं तिकडे किंचाळत सुटली. डॉल्फिन बिचारे श्वास घ्यायला वर येतात, आणि आम्ही भर चौकात अपघात बघायला जमल्यासारखे भोवती कोंडाळं करतो. पुन्हा वर यायचं कशाला त्यांनी? पैसे मीही भरले होते, म्हणून गप्प बसलो. पण हा प्रकार बंद व्हायला हवा, हे आजही म्हणतो.

काका मात्र दर वेळी उभे राहायचे. होडीवाला खाली बसा म्हणून हातवारे करून दमला. शेवटी काकांनी मोबाइल माझ्याकडे दिला. "मी आणि मागे डॉल्फिन, असं घ्या. कापू नका हां."

"काका, जरा बाजूला व्हा, तुम्ही मध्ये येताय."

"मीच मध्ये हवाय. डॉल्फिन मागे."

एका डॉल्फिनने तेवढ्यात खरोखर उडी मारली, हवेत गिरकीही घेतली म्हणे. सगळ्या होड्यांतून आरोळी उठली. मला दिसला तो काकांचा टी-शर्ट. व्हिडिओतही तोच आहे, पोटावर चहाच्या डागासकट, अत्यंत सुस्पष्ट.

हॉटेलात नाश्त्याला काकांनी तो व्हिडिओ टेबलाटेबलावर फिरवला. "पाहा, हा आवाज ऐकू येतोय ना? इथे डॉल्फिन होता. यांनी घालवला." नाशिकच्या एका कुटुंबाने माझ्याकडे वळून पाहिलं. काकूंनी समजूत घातली, "जाऊ द्या हो, सगळ्यांनाच जमतं असं नाही."

मी केळ्याच्या पॅनकेकवर लक्ष केंद्रित केलं. दुसऱ्या दिवशी होडीने जाणाऱ्यांना काका बजावत होते, "मोबाइल कुणाच्या हातात देऊ नका. विशेषतः यांच्या."