एकदा ‘नाही’ म्हटलं ना!

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मायक्रोसॉफ्टचा एज हा ब्राउझर वाईट नाही. अ‍ॅपलचा सफारीही चांगलाच आहे. आणि नव्याकोऱ्या मशीनवर एखादा ब्राउझर आधीपासून असायलाच हवा, नाहीतर दुसरा डाउनलोड करायचा कशातून? त्यामुळे कंपनीने स्वतःचा ब्राउझर सोबत दिला म्हणून माझी काही तक्रार नाही. दिला, बरं केलं. पण माणसाने सेटिंगमध्ये जाऊन ‘यापुढे हा दुसरा’ असं एकदा सांगितलं की विषय संपायला हवा. तो संपत नाही, हे खरं दुखणं आहे.

2021च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज 11 आलं, तेव्हाचं डिफॉल्ट, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या, अ‍ॅप्सचं पान आठवून बघा. विंडोज 10मध्ये ‘वेब ब्राउझर’ अशी सरळ एक ओळ होती. क्लिक करायचं, यादीतून निवडायचं, झालं काम. 11मध्ये ती ओळच गायब! त्याजागी एचटीएम, एचटीएमएल, पीडीएफ, एसव्हीजी, एचटीटीपी, एचटीटीपीएस अशी लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे वेगळी निवड. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस यांत फरक काय, याच्याशी ज्याला आयुष्यात कधी देणंघेणं नव्हतं, त्याने एकेक करत हे सगळं बदलत बसायचं. त्यात पहिला बदल करायला गेलं की मध्येच चौकट: बदलण्याआधी एज वापरून तर बघा. बरीच ओरड झाल्यावर 2022च्या मार्चमधल्या अपडेटने ‘डिफॉल्ट करा’ असं एक बटण आणलं. जे आधी होतंच, ते परत दिलं आणि त्याला सुधारणा म्हणायचं.

बरं, ते बटण दाबूनही पुरतं भागलं नाही. टास्कबारवरच्या शोधपट्टीत काही टाइप करून इंटरनेटवरचा निकाल उघडा, तो उघडणार एजमध्येच. यामागची युक्ती बघण्यासारखी आहे. नेहमीची लिंक ‘एचटीटीपीएस’ने सुरू होते. सिस्टिम बघते की अशा लिंकसाठी डिफॉल्ट कोण आहे, आणि त्या ब्राउझरच्या हाती ती सोपवते. शोधपट्टीतल्या लिंकची सुरुवातच मुळी ‘मायक्रोसॉफ्ट-एज’ अशी असते. म्हणजे तुम्ही काय निवडलंय ते पाहण्याची वेळच येत नाही. डॅनियल अलेक्झांडरसन नावाच्या डेव्हलपरने यावर ‘एजडिफ्लेक्टर’ हे छोटंसं अ‍ॅप बनवलं होतं. ते अशा लिंक मध्येच पकडून, त्यांचं तोंड साध्या लिंकसारखं करून तुमच्या ब्राउझरकडे पाठवायचं. 2021च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने ही वाट बंद केली. त्यांचं म्हणणं असं की हा शोधाचा अनुभव सलग आहे, दुसरीकडे वळवण्यासाठी तो बनवलेलाच नाही. म्हणजे हे नजरचुकीने झालेलं नव्हतं, ते कंपनीनेच सांगून टाकलं. त्याच सुमारास एजमधून क्रोमच्या डाउनलोड पानावर गेलं की ‘आमचं तंत्रज्ञान तेच आहे, वर मायक्रोसॉफ्टचा विश्वास’ अशा अर्थाची पाटी यायला लागली. समोरच्याचं पान उघडलेलं असताना त्यावर आपली जाहिरात लावायची हिंमत मात्र मानली पाहिजे.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? एक क्लिक जास्त, इतकंच. ज्यांना असं वाटतं त्यांनी 2001 ते 2006 हा काळ आठवावा. मायक्रोसॉफ्टचा तेव्हाचा ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजबरोबर यायचा, त्याचा स्पर्धक नेटस्केप मागे पडला होता आणि बाजाराचा 90 टक्क्यांहून मोठा हिस्सा एकाच ब्राउझरच्या ताब्यात गेला होता. सहावी आवृत्ती 2001मध्ये आली, सातवी थेट 2006मध्ये. मधली पाच वर्षं जवळजवळ काहीच नाही. स्पर्धाच उरली नव्हती, तर घाई कुणाला? त्या सहाव्या आवृत्तीसाठी वेगळी जुगाडं करत बसलेल्या वेब डेव्हलपरांची आख्खी पिढी आजही तिचं नाव काढलं की दातओठ खाते. जो कधीही सेटिंगमध्ये जात नाही, त्याच्या वतीने डिफॉल्टच निवड करत असतो. आणि असे लोकच जास्त असतात.

‘मग क्रोम कसा जिंकला?’ हा प्रश्न रास्त आहे. 2004मध्ये फायरफॉक्स आला, त्याने खरंच स्वतःच्या गुणांवर लोक ओढले. 2008मध्ये आलेला क्रोमही वेगवान होता, यात वाद नाही. पण क्रोमकडे आणखी एक गोष्ट होती: गूगलचं मुखपृष्ठ. जगभरातले लोक रोज जिथे येतात तिथेच ‘क्रोम वापरून बघा’ असं लिहिता येत होतं. तेव्हा एका मक्तेदाराला हरवायला दुसरा तेवढाच दांडगा लागला, असं फार तर म्हणता येईल. आणि पुढे अँड्रॉइडवर त्याच गूगलने तेच केलं. 2018मध्ये युरोपियन आयोगाने गूगलला 4.34 अब्ज युरोचा दंड ठोठावला. त्यातला एक आरोप हाच, की प्ले स्टोअर हवं असेल तर फोन कंपन्यांनी क्रोमही आधीच टाकून द्यायचा. (कोर्टाने नंतर रक्कम थोडी कमी केली.)

डिफॉल्टची किंमत किती, हे तर गूगलवरच्या अमेरिकेतल्या खटल्यात आकड्यानिशी बाहेर आलं. तो विषय सर्च इंजिनचा, पण तत्त्व तेच. ब्राउझर आणि फोनवर आपलं सर्च आधीपासून निवडलेलं असावं म्हणून गूगलने 2021 या एका वर्षात 26.3 अब्ज डॉलर वाटले. 2022मध्ये एकट्या अ‍ॅपलला सुमारे 20 अब्ज. लोक सहज बदलतात, डिफॉल्टने काही बिघडत नाही, असं असतं तर एवढा पैसा कुणी ओतला असता का?

अ‍ॅपलबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे दार उशिराच उघडलं. 2007पासून आयफोन आहे, पण डिफॉल्ट ब्राउझर बदलायची सोय आयओएस 14मध्ये, म्हणजे 2020मध्ये आली. आणि पहिल्याच आवृत्तीत फोन बंद करून चालू केला की निवड पुन्हा सफारीवर यायची! तो बग होता, आठवड्याभरात दुरुस्त झाला, हेही सांगायला हवं. इंजिनची, म्हणजे वेबपान वाचून पडद्यावर मांडणाऱ्या आतल्या यंत्रणेची, गोष्ट मात्र बग नव्हती. आयफोनवरचा क्रोम किंवा फायरफॉक्स आतून अ‍ॅपलच्याच वेबकिटवर चालवायचा, हा नियमच होता.

आता मूळ मुद्दा. ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे पालुपद फार जुनं आहे. अमेरिकी सरकारने मक्तेदारीवरून भरलेल्या 1998च्या खटल्यात मायक्रोसॉफ्टने हेच सांगितलं होतं, की एक्सप्लोरर हा विंडोजचा अविभाज्य भाग आहे, तो वेगळा काढता येत नाही. सरकारच्या बाजूने प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी तो काढणारा प्रोग्रॅमच कोर्टापुढे ठेवला. पुढे युरोपात मायक्रोसॉफ्टने ब्राउझर निवडीची खिडकी दाखवण्याचं वचन दिलं. 2010मध्ये ती खिडकी आली, आणि मग 2011च्या मेपासून 2012च्या जुलैपर्यंत विंडोज 7च्या एका सर्व्हिस पॅकमधून (म्हणजे मोठ्या अपडेटमधून) गायब राहिली. सुमारे दीड कोटी लोकांना ती दिसलीच नाही. कंपनीने तांत्रिक चूक झाल्याचं सांगितलं, आयोगाने 2013मध्ये 56 कोटी 10 लाख युरोचा दंड केला.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, ते इथे तंतोतंत दिसलं. 2024च्या मार्चमध्ये युरोपचा मक्तेदारीला आवर घालणारा कायदा, डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट मोठ्या कंपन्यांना लागू झाला आणि कालपर्यंत जे जे अशक्य होतं ते सगळं जमायला लागलं. आयफोनवर ब्राउझर निवडीचा पडदा आला, दुसरं इंजिन वापरायची मुभा मिळाली. विंडोजवरून एज चक्क अनइन्स्टॉल करता येऊ लागला. पुढे शोधपट्टीतल्या लिंकही निमूटपणे तुमच्या ब्राउझरमध्ये उघडू लागल्या.

मात्र विंडोजवर हे फक्त तिथेच. विंडोज तुम्ही युरोपात आहात की नाही, हे सेटअपच्या वेळी निवडलेल्या प्रदेशावरून ठरवतं. नंतर तो बदलायचा असेल, तर आख्खा पीसी रीसेट करावा लागतो. म्हणजे कोड लिहून झालाय, तपासून झालाय, कोट्यवधी मशीनवर चालतोय. बाकीच्या जगाला मिळू नये म्हणून त्यावर एक अट तेवढी लावलेली आहे. मी नवं काहीच मागत नाहीये. ती अट काढा.