घरामागच्या भट्टीसोबत सुखानं कसं राहावं

तुमच्याही घरामागं पत्र्याचं शेड उभं राहिलंय का? दिवसा कुलूप, रात्री भट्टी? अभिनंदन. सांगलीच्या कडेला आमच्या वसाहतीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा उद्योग आलाय. तुमच्याकडेही येईल, तयारी असू द्या.

पोरांना अंगणात मनसोक्त खेळू द्या. माती तोंडात घातली तर घालू द्या. पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या अंगात चार-पाच पट जास्त मुरतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पोरांची पचनशक्ती उत्तमच की! पुढं अभ्यासात लक्ष लागेना, चिडचिड वाढली, पोट दुखायला लागलं, की मोबाइलला दोष द्या.

घरात गरोदर बाई असेल तर काळजी नको. हाडांत वर्षानुवर्षं साठलेलं शिसं तेव्हा रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत पोचतं. वडिलोपार्जित इस्टेट नसली तरी चालेल.

रक्त तपासू नका. शिशाची सुरक्षित पातळी अशी काही नसतेच, उगाच आकडा बघून झोप उडायची.

तक्रार मात्र जरूर करा, वेळ छान जातो. एक कार्यालय म्हणतं, हद्द आमची नाही. हद्दवाले म्हणतात, धूर आमच्या खात्यात येत नाही. धूरवाले म्हणतात, लेखी द्या. दिलं, की भर दुपारी पाहणीला येतात, कुलूप बघतात आणि लिहून जातात, 'उद्योग बंद आढळला'. अहो, रात्री या ना! आणि पाहणीची तारीख शेडवाल्याला आमच्या आधी कशी कळते? ॲसिड गटारात, गटार ओढ्यात, ओढा कृष्णेत, आणि कृष्णेचं पाणी कोण पितं? २००१ पासून बॅटरीचे नियम आहेत, २०२२ ला नवे आले. नोंदणी नसलेल्याला या धंद्याला हातच लावता येत नाही. इथं राजरोस चाललंय!

आणि तुम्ही. हो, तुम्हीच. नव्या इन्व्हर्टर बॅटरीवर दुकानदार जुनीची वजावट देतो, तरी शे-दोनशे जास्त मिळतात म्हणून ती दारावरच्या भंगारवाल्याला देता. ती इथं येऊन फुटते. फोडणाऱ्या पोरांच्या हातात मोजे नाहीत, तोंडाला नुसता रुमाल. तोच धूर तुमच्या नातवंडांच्या छातीत जातो. लाज वाटू द्या थोडी. जुनी बॅटरी दुकानातच द्या, पावती घ्या. आणि पाहणीवाल्यांनो, रात्री अकरानंतर या. पत्ता अर्जावर आहे.