रुपयाची इज्जत आणि बर्लिनची चांदी

रुपया घसरला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड परत फिरायला लागतो, १९४७ ला एक डॉलर एक रुपयाला होता म्हणे, आणि मग कोणत्या सरकारने इज्जत घालवली यावर रात्रभर हाणामारी. मुळात १९४७ ला डॉलर सव्वातीनच्या वर होता, कारण रुपया पौंडाला बांधलेला होता. पण ते सांगून ऐकतंय कोण!

इकडे म्युनिकच्या फ्लोमार्क्टमध्ये (पुण्याचा जुना बाजारच म्हणा) जुने टालर, म्हणजे जर्मन राज्यांची चांदीची नाणी, मिळतात. प्रशिया या जर्मन राज्याचा फेराइन्सटालर (करारातून ठरलेला सामाईक टालर) हातात घेतला तर एका बाजूला राजा विल्हेल्म, दुसऱ्या बाजूला गरुड आणि कडेने चक्क लिहिलंय, तीस नाणी मिळून एक पौंड शुद्ध चांदी. हा पौंड वजनाचा, ५०० ग्रॅमचा, म्हणजे नाण्यात १६.६७ ग्रॅम चांदी. १८५७ च्या व्हिएन्ना करारात जर्मन राज्यांनी आणि ऑस्ट्रियाने मिळून ठरवलेलं माप हे.

मग १८७१ ला जर्मनी एक झाली, हरलेल्या फ्रान्सकडून ५ अब्ज फ्रँकची भरपाई घेतली आणि सोन्याचा मार्क आणला. टालरचे ३ मार्क ठरले, जुनी चांदी वितळवून बाजारात ओतायला सुरुवात झाली. शेजारचे देशही चांदीचं चलन सोडायला लागले, तिकडे अमेरिकेत नेवाडाच्या खाणी जोरात, त्यामुळे सगळं खापर बर्लिनवर नको, पण चांदी पडली ती पडलीच. आणि आपला रुपया तर चांदीचाच! १८७१ ला साधारण २ शिलिंगचा रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगवर आला. लंडनला पाठवायचे होम चार्जेस (इंग्रज सरकारचा तिथला खर्च, जो भारताने भरायचा) मात्र पौंडात, म्हणजे तेवढ्याच पौंडांसाठी रयतेकडून जास्त रुपये काढायचे. शेवटी १८९३ ला मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींनी लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं.

यात रुपयाची इज्जत कुठे आली? नाण्यातली चांदी तेवढीच होती, भाव दुसऱ्यांनी ठरवला.

अर्थात मला हे बोलायला काय जातंय, पगार युरोत, रुपया पडला की घरी पाठवलेले पैसे उलट फुगतात. त्याच ग्रुपवरचा आमचा एक मित्र मात्र पोरीला इकडे एमएसला पाठवतोय, त्याचं गणित दर महिन्याला बिघडतं. भांडायचंच तर पौंडाचा बोजा तेव्हा रयतेवर आला तसा आज डॉलरचा कोणावर येतोय त्यावर भांडा ना, खाद्यतेल, पेट्रोल, खतं, पोरांच्या फिया.