मुलांच्या संधिवाताच्या इंजेक्शनांवर अमेरिकेत बंदी नाही

‘मुलांच्या संधिवातावरची बायोलॉजिक इंजेक्शनं म्हणजे स्टेरॉइडच, त्यांनी कॅन्सर होतो, म्हणून अमेरिकेने २००९ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली,’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतो आहे.

बंदी घातलेली नाही. बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींपासून तयार केलेली, सूज वाढवणारे ठरावीक घटक रोखणारी औषधं. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने यांतल्या, टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन रोखणाऱ्या औषधांच्या माहितीपत्रकात मुलांमधील लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आणि इतर कॅन्सरबद्दल चौकटीतला इशारा छापायला लावला. तो इशारा खरा आहे आणि डॉक्टरांनी तो पालकांना सांगायलाच हवा. पण नंतरच्या अभ्यासांत दिसलं की, बायोलॉजिक कधीच न घेतलेल्या, संधिवात असलेल्या मुलांमध्येही हा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे सगळा दोष औषधाच्या माथी मारता येत नाही. इटानरसेप्ट हे यांतलंच एक औषध तर अमेरिकेत १९९९ पासून मुलांना दिलं जातं.

ही स्टेरॉइडही नाहीत. उलट ती लागू पडली की स्टेरॉइड कमी करता येतात.

आपल्याकडे खरी काळजी घ्यायची ती टीबीची. शरीरात दबून असलेला टीबी या औषधांनी उफाळू शकतो, म्हणून पहिल्या डोसआधी त्याची तपासणी झालीच पाहिजे. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

मेसेज वाचून इंजेक्शन परस्पर बंद करू नका, ही कळकळीची विनंती. सुजलेला सांधा किमान दिसतो तरी. पण या आजारात डोळ्याच्या आत येणारी सूज अनेकदा दुखत नाही, डोळा लालही होत नाही. ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या स्लिट लॅम्प या तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखालीच सापडते, आणि उशीर झाला तर नजर जाऊ शकते.