सत्तर पानांचा पुडा आणि नानांची वही

रविवारी तर्री पोहे आटोपून आम्ही धरमपेठेतल्या पानठेल्यावर जमलो, तेव्हा नाना गडचिरोलीकडचे आर्थिक साक्षरता शिबिर उरकून नुकतेच परतले होते. बँकेतून निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली तरी ते अजून काउंटरच्या पलीकडूनच बोलतात. “या लोकांना पैसा कळतच नाही, 2014 पासून जनधनची खाती आहेत, पण शिल्लक शून्य,” असा निकाल त्यांनी खर्रा चोळता चोळता देऊन टाकला.

मडावी मास्तरांचे बालपण गडचिरोलीतल्याच धानोरा तालुक्यात तेंदूच्या फळीवर, म्हणजे विडीची पाने मोजून देण्याच्या जागी, गेले. ते शांतपणे म्हणाले, “नाना, माझी आई शाळेची पायरी चढली नाही, पण सत्तर पानांचा पुडा ती गप्पा मारता मारता बांधायची आणि त्यात एक पान कमी-जास्त निघत नसे. शिकलेला मुन्शी मात्र शेकड्यामागे चार-पाच पुडे खराब म्हणून बाजूला टाकायचा आणि ते परतही देत नसे. तुमचे शिबिर त्याच्यासाठी होते का?”

नाना मोहफुलांकडे वळले. हंगामात स्वस्त विकून पावसाळ्यात तोच मोह महाग विकत घेणे हा अडाणीपणा नव्हे काय? मास्तरांचे उत्तर मला तरी पटले: साठवायला कोरडी जागा नाही, एप्रिलात हातात रोकड नाही, शाखा गाठावी तर दिवसाची मजुरी बुडते, तिथला अर्ज मराठीत आणि घरची भाषा गोंडी किंवा माडिया, शिवाय कामाने झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही, मग दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला नाही म्हणायचे कशाच्या बळावर? त्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये ग्रामसभेने आपला बांबू स्वतः विकला, तेव्हा त्या गावाला व्यवहार शिकवायला नाना गेले नव्हते.

“आणि नाना, तुमच्या त्या दामदुप्पट योजनेचे काय झाले?” बंडूने जुनी खपली काढली. ग्रॅच्युइटीतले दोन लाख तिथे बुडाले, हे काकूंनीच आम्हाला सांगितले होते. “तो विषय वेगळा आहे,” नाना गुरगुरले.

एवढ्यात ठेलेवाल्याने उधारीची वही पुढे केली. नानांच्या नावापुढे चारशे दहा रुपये होते. मास्तरांनी ओळींवरून बोट फिरवले आणि बेरजेत वीस रुपये जास्त लागल्याचे दाखवून दिले. नानांनी त्या आनंदात सगळ्यांना चहा सांगितला, तोही वहीवरच.