‘मराठवाड्यात घराजवळ पक्षीच नाहीत’ म्हणे! त्या मेसेजला उत्तर

तो मेसेज परत फिरायलाय, ज्या ग्रूपवर बघावं तिथं. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मराठवाडा कोरडा भाग, इथं घराजवळ कावळे-कबुतरं सोडून काही दिसत नाही, चिमण्या तर मोबाईलच्या टॉवरनी संपवल्या, पक्ष्यांच्या फोटोचा नाद असेल तर दीड लाखाची लेन्स घ्या अन् राजस्थानातलं भरतपूरचं पक्षी उद्यान गाठा, आणि ते परवडत नसेल तर मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावा नाहीतर घरटं हुडका, फांद्या बाजूला केल्या की हमखास फोटो. खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’ आहेच. लोक अंगठे टाकायलेत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कोरडा भाग. दुष्काळ काय असतो ते आम्हाला कुणी शिकवू नये, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्या देशानं बघितलंय. पण पाऊस कमी म्हणजे पक्षी नाहीत हे कुठलं गणित? चंडोल, टिटवी, तितर, वेडा राघू, नीलकंठ ही मंडळी उघड्या माळाचीच, त्यांना दाट जंगल नकोच असतंय. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे बघा, मध्य आशिया अन् पूर्व युरोपातून येतात त्या, ऑगस्ट-सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत इथं मुक्काम (वावरात गोफण घेऊन उभा असलेल्या माणसाला त्यांचं कौतुक नसतं, आणि त्याचं बरोबरच आहे, पण त्याच भोरड्या टोळ-नाकतोडे पण फस्त करतात हे पण सांगायला पाहिजे). जायकवाडी धरण १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, त्याच्या नाथसागर जलाशयावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, पण ते राहू द्या, प्रश्न घराजवळचा आहे ना?

तर घराजवळ. दारात एक लिंब अन् परसात एक शेवगा, एवढं बहुतेक गावांत असतंच. शेवगा फुलला की शिंजीर येणार म्हणजे येणारच. नर लांबून नुसता काळा दिसतो, उन्हात मान वळवली की जांभळा-निळा चमकतो, मादी साधी, पोटाला पिवळी. लिंबोळ्या पिकल्या की बुलबुल, कोकीळ, साळुंक्या. पाचोळा उलटा-पालटा करत सातभाई कचाकचा भांडत असतात, दिवस मावळताना जुन्या चिंचेच्या ढोलीतून पिंगळा डोकं काढतो. फक्त कावळे-कबुतरं दिसतात म्हणणाऱ्यानं एकदा मोबाईल खिशात ठेवून गच्चीवर बसावं.

चिमण्या अन् टॉवर. हे लोकांना फार आवडतं कारण दोष परस्पर कंपनीवर जातो. पण टॉवरनीच चिमण्या संपवल्या असा पक्का पुरावा नाही. २०२० चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तर म्हणतो की देशभर बघितलं तर चिमणीची संख्या साधारण टिकून आहे, घट दिसते ती मोठ्या महानगरांत. आता आपल्याकडं कमी का वाटतात? जुन्या माळवदाच्या घरात तुळयांच्या फटी होत्या, भिंतीवरच्या फोटोमागं घरटं असायचं, स्लॅबच्या घरात घरटं करणार कुठं? आणि चिमणी दाणे खात असली तरी पिल्लांना अळ्या-किडे भरवते, अंगणात फरशी टाकून फवारा मारला की ते पण गेले. छपराखाली भोकाचं खोकं टांगा, परसाचा एक कोपरा कच्चा ठेवा, मग टॉवरला शिव्या द्या.

आता लेन्स. मोठी लेन्स चांगलीच असते, नाही कोण म्हणतंय, पण ती नसली की फोटोच नाही हे साफ खोटं. घराजवळचा फायदा हाच की पक्षी तुमच्याकडं येतो. मातीचं पसरट परळ घ्या, पाणी दोन इंचाच्या वर नको, मधी एक दगड ठेवा म्हणजे लहान पक्ष्याला उभं राहता येतं, आणि पाणी रोज बदला नाहीतर डास तुम्हीच पाळाल. एप्रिल-मे मधी पारा चाळीशीच्या वर गेला की या परळावर रांग लागते. खरी गंमत पुढं आहे. परळाच्या बाजूला बाभळीची वाळकी फांदी रोवा. पक्षी थेट पाण्यात उतरत नाही, आधी बाजूला बसून चारीकडं बघतो, आणि तो बसतो त्या फांदीवर. मागची भिंत फांदीपासून जितकी लांब तितकी ती फोटोत पुसट होते, हे लेन्सपेक्षा जागेवर जास्त आहे. तुम्ही खिडकीच्या आत, पडदा ओढून, फटीतून. सकाळचं कोवळं ऊन तुमच्या पाठीमागून यावं. मोबाईल असेल तर झूम ताणू नका, स्टँडला लावून जवळ ठेवा अन् ब्लूटूथच्या बटणानं लांबून टिपा. काळा कोतवाल असेल तर कॅमेऱ्यातला उजेड (एक्स्पोजर) थोडा वाढवा, पांढरा बगळा असेल तर कमी करा, नाहीतर एक कोळसा अन् एक चुना. आणि खायला म्हणून फरसाण, मिठाचं काही टाकू नका, ज्वारीचं कणीस टांगा. दयाळ, शिंपी, वेडा राघू मात्र त्याला ढुंकून बघणार नाहीत, ते किडे खाणारे.

मोबाईलवर आवाज लावणे. दयाळ मार्चपासून गातो ते आपल्या करमणुकीसाठी नाही, हद्द माझी हे सांगायला. तुम्ही त्याचाच आवाज लावला की त्याला वाटतं दुसरा नर घुसला, चारा-पाणी सोडून तो त्या नसलेल्या वैऱ्याला हुडकत फिरतो. येतो जवळ, हो, फोटो पण मिळतो. कामून करायचं पण?

सगळ्यात वाईट सल्ला घरट्याचा. शिंपी पक्षी जास्वंदीची नाहीतर लिंबूच्या झाडाची पानं कापसाच्या तंतूनं शिवून आत घरटं करतो, ती पानंच त्याची भिंत. तुम्ही फांदी वाकवली की ऊन आत, अन् कावळ्याला, भारद्वाजाला आयतं दिसतं. माणसाचा वास लागला म्हणून आई पिल्लं टाकते असं पण लोक सांगतात, ते काही खरं नाही, पण तुम्ही सारखं तिथं घुटमळला तर ती जवळ येत नाही अन् पिल्लं उपाशी राहतात, हे खरं. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच जंगली पक्ष्यांची अंडी-घरटी छेडणं येतं, म्हणजे मेसेज शेअर करणारे काय शिकवायलेत ते बघा. घरट्याचा फोटो पाहिजेच असेल तर पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकतात, नर गवताची पाती आणून विणत असतो, अल्याड काठावर गप बसायचं अन् पल्याडचं टिपायचं, त्याला तुमच्याकडं बघायला पण सवड नसते.